बाइट जसाच्या तसा

पर्लमध्ये बायनरी फाइल वाचताना होणाऱ्या बहुतेक चुकांत एक गोष्ट समान असते : प्रोग्राम बिनतक्रार चालतो. फाइल उघडते, वाचली जाते, बंद होते. पडद्यावर एकही इशारा उमटत नाही. घोटाळा कळतो तो नंतर, आणि तोही दुसरीकडेच. जतन केलेले चित्र उघडत नाही. झिप फाइलची प्रत मूळ फाइलपेक्षा पाच-पंचवीस बाइटनी कमी किंवा जास्त भरते. आठशे पिक्सेल रुंदीचे चित्र त्रेपन्न कोटी पिक्सेल रुंद असल्याचे प्रोग्राम ठामपणे सांगतो. तोच प्रोग्राम लिनक्सवर ठणठणीत चालतो आणि विंडोजवर दगा देतो; किंवा कालपर्यंत सुरळीत असतो आणि सर्व्हर बदलला की बिघडतो. अशा वेळी आपण आधी फाइलवर संशय घेतो, मग पर्लवर, मग विंडोजवर आणि शेवटी कुठूनतरी मिळालेली एखादी ओळ प्रोग्रामात चिकटवून बघतो. कधीकधी ती लागूही पडते. का लागू पडली हे मात्र कळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी पुन्हा श्रीगणेशा.

हे पुस्तक त्या ‘का’च्या उत्तरासाठी लिहिले आहे. उत्तर थोडक्यात असे : डिस्कवरचे बाइट आणि आपल्या स्ट्रिंगमध्ये आलेली अक्षरे यांच्या मध्ये पर्ल एक दुभाषा बसवू शकते. मजकूर वाचायचा असेल तेव्हा त्याच्यावाचून चालत नाही. तो ओळींचे शेवट जुळवून देतो, बाइटांची अक्षरे करून देतो. पण चित्र, ध्वनी, आकसलेली फाइल, जुन्या डेटाबेसचा साठा, यंत्रातून आलेली मोजमापे यांना कसलेही भाषांतर नको असते. तिथे दुभाष्याने एक बाइट जरी बदलला तरी सगळे मुसळ केरात. बायनरी फाइली वाचण्यातली निम्म्याहून अधिक दुखणी हा दुभाषा नको तिथे बसल्यामुळे होतात. तो कुठे बसला आहे हे शोधून त्याला उठवणे, ही दुरुस्ती. उरलेली दुखणी आपण स्वतःच बायनरी डेटाला मजकुरासारखे वागवल्याने होतात. त्यांच्याकडे नंतर येऊ.

याचे मूळ पर्लच्या जन्मात आहे. लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये पर्लची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली ती मजकुराच्या ढिगातून हवे ते वेचून अहवाल तयार करण्यासाठी. ऑक, सेड आणि शेल यांची कामे एका भाषेत करता यावीत, ही तिची मूळ कल्पना. त्यामुळे ‘फाइल म्हणजे ओळी’ हे गृहीतक पर्लच्या हाडीमांशी खिळलेले आहे. तिचे माहेर युनिक्स. तिथे मजकुराची फाइल आणि बायनरी फाइल असा भेद ऑपरेटिंग सिस्टिम करत नाही. ओळ संपली हे सांगायला १० क्रमांकाचा एक बाइट पुरतो, आणि वाचताना त्यात कुणी ढवळाढवळ करत नाही. म्हणून त्या काळी युनिक्सवर दुभाष्याला उठवणारी ‘बिनमोड’ ही सूचना लिहिली काय आणि न लिहिली काय, फरक पडत नसे. या सवयीत वाढलेल्यांनी बिनमोडशिवाय लिहिलेले प्रोग्राम वर्षानुवर्षे बिनघोर चालले. पुढे तेच प्रोग्राम विंडोजवर गेले आणि त्यांच्यातली उणीव उघडी पडली.

विंडोजची रीत टेलिप्रिंटरच्या काळापर्यंत मागे जाते. त्या यंत्रात ओळ संपली की दोन हुकूम द्यावे लागत : छपाईचा गाडा डाव्या कडेला आणण्याचा हुकूम १३ आणि कागद एक ओळ पुढे सरकवण्याचा हुकूम १०. सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमने ही जोडी तशीच ठेवली, तिच्याकडून ती डॉसने घेतली आणि डॉसकडून विंडोजने. युनिक्सने फक्त १० ठेवला. जुन्या मॅकिंटॉशने फक्त १३. पर्लच्या प्रोग्रामरला या भानगडीत पडावे लागू नये म्हणून विंडोजवरची पर्ल वाचताना १३-१० या जोडीचा एकटा १० करते आणि लिहिताना एकट्या १० ची पुन्हा जोडी करते. मजकुरासाठी ही सोयच आहे. पण चित्राच्या फाइलमध्ये १३ नंतर १० आला तर तो ओळीचा शेवट नसतो. तो रंगाचा, लांबीचा किंवा आकसलेल्या डेटाचा भाग असतो. दुभाष्याला ते कळत नाही. तो त्यातला १३ गिळून टाकतो.

सीपी/एमचा आणखी एक वारसा आहे. ती ऑपरेटिंग सिस्टिम फाइलची लांबी १२८ बाइटच्या ठोकळ्यांत मोजत असे. शेवटच्या ठोकळ्यात मजकूर नेमका कुठे संपला हे तिला ठाऊक नसे. म्हणून मजकुराच्या अखेरीस कंट्रोल-झेड, म्हणजे २६ क्रमांकाचा बाइट, खूण म्हणून ठेवण्याचा प्रघात पडला. डॉसने तो उचलला आणि तो विंडोजवरच्या सी भाषेच्या टेक्स्ट मोडपर्यंत पोचला. बिनमोड वापरले नाही तर मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिमवर डेटामधला कंट्रोल-झेड फाइलचा शेवट मानला जाईल, असा इशारा पर्लच्या अधिकृत दस्तऐवजात आजही छापलेला आहे. विंडोजवरची आजची पर्ल स्वतः ही खूण पाळत नाही; पण जुन्या पर्लवर दोन मेगाबाइटची फाइल पहिल्या काही बाइटांतच ‘संपली’ तर आधी २६ शोधावा.

हे सगळे एका जागी बघायचे असेल तर पीएनजी चित्राचे पहिले आठ बाइट बघावेत. पीएनजीचे विनिर्देश ऑक्टोबर १९९६ मध्ये डब्ल्यूथ्रीसीची शिफारस झाले. ज्यांनी ते आखले त्यांनी फाइलीची नासाडी कशी होते हे पुरते ओळखले होते आणि फाइलच्या तोंडाशीच तिचे सापळे लावून ठेवले. दशमान अंकांत ते आठ बाइट असे : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिला १३७ हा १२७ च्या वरचा आहे. सातच बिट पुढे पाठवणाऱ्या मार्गावरून फाइल गेली तर तो टिकत नाही. पुढचे तीन म्हणजे पी, एन, जी ही अक्षरे, माणसाला ओळख पटावी म्हणून. मग १३-१० ही जोडी. कुणी ओळींचे शेवट ‘सुधारले’ तर ती मोडते. मग २६, म्हणजे डॉसच्या पडद्यावर कुणी चुकून फाइल छापायला घेतली तर छपाई तिथेच थांबावी. शेवटी एकटा १०. उलट्या दिशेचे भाषांतर झाले तर त्याची जोडी होते आणि चोरी पकडली जाते. आठ बाइटांत एवढा बंदोबस्त करणारी सही दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आता विंडोजवर बिनमोड न वापरता ही फाइल उघडा आणि ‘रीड’ला आठ बाइट मागा. १३-१० च्या जोडीचा एकच १० होतो, एक जागा रिकामी पडते आणि ती भरायला रीड पुढचा बाइट ओढून घेते. हाती येते ते असे : १३७, ८०, ७८, ७१, १०, २६, १०, ०. शेवटचा शून्य सहीचा नाही; तो पुढच्या भागाच्या लांबीचा पहिला बाइट आहे. रीडने परत दिलेली संख्या मात्र ८ च असते. मागितले आठ, मिळाले आठ, चूक काहीच नाही. ‘रीडची संख्या तपासा’ हा सल्ला योग्यच आहे, पण या चुकीत तो उपयोगी पडत नाही, हे इथे ध्यानात येते.

पुढची मौज चित्राच्या रुंदीत आहे. पीएनजीमध्ये रुंदी सुरुवातीपासून सोळा बाइट सोडून पुढच्या चार बाइटांत असते, मोठा बाइट आधी अशा क्रमाने. आठशे पिक्सेलची रुंदी ०, ०, ३, ३२ अशी लिहिली जाते. एक बाइट गिळला गेल्यामुळे सगळे एका घराने सरकले असेल तर त्याच जागी ०, ३, ३२, ० मिळतात आणि रुंदी २,०४,८०० येते, म्हणजे बरोबर २५६ पट. याउलट बाइट सगळे जागच्या जागी आहेत, पण ‘अनपॅक’ला मोठ्या एनऐवजी मोठे व्ही दिले, म्हणजे लहान बाइट आधी समजून वाचले, तर उत्तर ५३,७०,६७,५२० येते. दोन्ही आकडे चुकीचे, पण दोन वेगवेगळ्या गुन्ह्यांची साक्ष देणारे. पहिला आकडा फाइल उघडण्याच्या ओळीकडे बोट दाखवतो, दुसरा अनपॅकच्या ओळीकडे. चुकीचे उत्तर पुसून टाकण्याआधी ते नीट वाचावे, हा या पुस्तकाचा आग्रह आहे.

दुसरा दुभाषा युनिकोडचा. पर्लमध्ये युनिकोडची पायाभरणी २००० साली आलेल्या ५.६ या आवृत्तीत झाली आणि जुलै २००२ च्या ५.८ मध्ये फाइल हँडलवर लेयर, म्हणजे हे दुभाषे, चढवण्याची आजची पद्धत रुळली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये रेड हॅट लिनक्स ८ ही आवृत्ती बाजारात आली. तिच्यात मुळातच यूटीएफ-८ लोकेल होते, आणि ५.८.० ही पर्ल लोकेल बघून प्रत्येक फाइल हँडल यूटीएफ-८ चे आहे असे धरून चाले. परिणाम असा की, एक अक्षरही न बदललेले जुने प्रोग्राम अचानक चित्रे आणि झिप फाइली बिघडवू लागले, आणि तेही लिनक्सवर, जिथे बिनमोडची गरज नाही असे सगळे समजत होते. सप्टेंबर २००३ मध्ये आलेल्या ५.८.१ ने हे वागणे मागे घेतले. मागितल्याशिवाय पर्ल आता यूटीएफ-८ धरत नाही. पण मागणी आपल्या नजरेआडून होऊ शकते. पर्ल-युनिकोड नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, कमांडवर दिलेला मोठ्या सीचा स्विच किंवा फाइलच्या डोक्यावर कुणीतरी कधीकाळी लिहिलेली ‘यूज ओपन’ची ओळ, यांतल्या कशानेही पुढे उघडल्या जाणाऱ्या फाइलींवर लेयर चढतो. ज्या ओळीत फाइल उघडली ती ओळ अगदी निर्दोष दिसते, कारण दोष दोनशे ओळी वर किंवा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये असतो. म्हणूनच ‘माझ्या मशिनवर चालते’ हे वाक्य या प्रांतात फार ऐकू येते.

यूटीएफ-८ चा लेयर बायनरी डेटाचे काय करतो? पीएनजीचा पहिलाच बाइट घ्या. १३७ हा यूटीएफ-८ मध्ये अक्षराची सुरुवात होऊ शकत नाही. काटेकोर ‘एन्कोडिंग’ लेयर असेल तर इशारा येतो, आणि त्या एका बाइटच्या जागी स्ट्रिंगमध्ये चार अक्षरे येऊन बसतात : उलटी तिरकी रेघ, एक्स, आठ आणि नऊ. नुसता यूटीएफ-८ लेयर असेल तर तपासणीच होत नाही. सदोष स्ट्रिंग पुढे जाते आणि रेग्युलर एक्स्प्रेशनसारख्या भलत्याच ठिकाणी ओरडते. लिहिताना उलट घडते. हँडलवर यूटीएफ-८ असेल तर १२७ च्या वरचा प्रत्येक बाइट दोन बाइटांचा होतो. १३७ चे १९४ आणि १३७ होतात. मूळ फाइलपेक्षा प्रत दीडपटीच्या आसपास फुगली असेल तर दुसरे काही शोधत बसू नये.

मराठी डेटा हाताळणाऱ्यांना ही अडचण जरा जास्तच भेडसावते, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘अ’ म्हणजे २२४, १६४, १३३. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काने आणि हलन्त धरून दहा युनिकोड चिन्हे आहेत, म्हणून तीस बाइट. समजा, एका फाइलीत प्रत्येक नोंदीत तीस बाइटचे नाव आणि त्यापुढे छायाचित्र आहे. नाव नीट दिसावे म्हणून कुणी हँडलवर यूटीएफ-८ लेयर चढवला, तर रीडला दिलेले तीस हे बाइट न राहता तीस चिन्हे होतात, आणि रीड नाव ओलांडून छायाचित्रात घुसते. योग्य क्रम असा : सगळी नोंद कच्च्या बाइटांत वाचावी, अनपॅकने तिचे भाग पाडावेत आणि फक्त नावाचा भाग ‘डिकोड’ करावा. छायाचित्राला डिकोड केलेल्या नावाशी एकाच स्ट्रिंगमध्ये जोडू नये. जोडले आणि कच्च्या हँडलवर लिहिले तर पर्ल ‘वाइड कॅरेक्टर’चा इशारा देते आणि सगळी स्ट्रिंग यूटीएफ-८ करून टाकते, छायाचित्रासकट. इशारा नावामुळे येतो, नुकसान छायाचित्राचे होते.

युनिकोडच्या आधीचा मराठी मजकूर हा आणखी एक प्रकार. १९९१ च्या भारतीय मानकातली इस्की ही पद्धत एका चिन्हाला एकच बाइट देते आणि भारतीय लिप्यांना १२७ च्या वरचे घर देते. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानामुळे ती बऱ्याच कार्यालयांत पोचली. काही जुन्या खासगी फाँटांतला मजकूरही असाच वरच्या बाइटांत असतो. माणसाच्या दृष्टीने हा मजकूर असला तरी आजच्या पर्लने त्याच्याकडे बायनरी म्हणूनच बघायला हवे : कच्चा वाचावा आणि मग तक्ता लावून युनिकोडमध्ये न्यावा. यूटीएफ-८ लेयर लावून तो उघडला की पहिल्याच शब्दाला गाडी अडते. असे साठे आजही ग्रंथालयांत, छापखान्यांत आणि कार्यालयांच्या जुन्या संगणकांत पडून आहेत. ते वाचवण्याचे काम हाती घेणाऱ्याला या पुस्तकातले एक प्रकरण खास उपयोगी पडावे.

दुभाषा उठवला तरी काही दुखणी उरतात, आणि ती आपल्या सवयींची असतात. कोन-कंसांनी फाइल वाचण्याची सवय पर्लकरांच्या बोटांत बसलेली असते. बायनरी फाइलवर ती चालते, पण तुकडे १० हा बाइट जिथे येईल तिथे पडतात : एक तुकडा तीन बाइटांचा, दुसरा चाळीस हजारांचा. त्यावर ‘चॉम्प’ चालवले तर तो १० ही जातो, आणि तो डेटाचा भाग होता. इलाज सोपा आहे : $/ या व्हेरिएबलला संख्येचा रेफरन्स दिला की कोन-कंस तेवढ्या बाइटांचे ठोकळे देतात, किंवा सरळ रीड वापरावे. एकेक बाइट घेण्यासाठी कुणी ‘गेटसी’ची लूप लिहितो आणि मिळालेला बाइट हीच लूपची अट ठेवतो. पर्लच्या लेखी रिकामी स्ट्रिंग आणि ‘०’ हे अक्षर, दोन्ही असत्य. ‘०’ अक्षराचा क्रमांक ४८. म्हणजे फाइलीत पहिला ४८ आला की लूप थांबते, आणि प्रोग्रामर शून्य क्रमांकाच्या बाइटला दोष देत बसतो. तो तर पर्लच्या लेखी सत्य आहे! अट ‘डिफाइंड’ने तपासली की प्रश्न मिटतो.

अनपॅकच्या अक्षरांतही असेच खाचखळगे आहेत. मोठे ए शेवटच्या रिकाम्या जागा आणि शून्य बाइट छाटून टाकते. नावाच्या रकान्याला ते छान, पण सोळा बाइटांच्या एमडी-फाइव्ह बेरजेला घातक. तिचा शेवटचा बाइट ३२ किंवा ० असला की पंधराच हाती येतात. बेरजांचे शेवट कसेही असू शकतात, म्हणून ही चूक शंभर फाइलींवर दिसत नाही आणि एकशेएकाव्या फाइलीवर दिसते. तिथे लहान ए वापरावे. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला टिंब १० वगळून बाकी सगळ्यांशी जुळतो. ‘एस’ हा मॉडिफायर लावल्याशिवाय बायनरी डेटावर तो वापरू नये. ‘रीड’ आणि ‘सिसरीड’ एकाच हँडलवर मिसळू नयेत. पहिल्याचा बफर असतो, दुसरे त्याला बगल देऊन थेट सिस्टिमकडे जाते, आणि मधले काही हजार बाइट हरवल्यासारखे वाटतात. यूटीएफ-८ चा लेयर असलेल्या हँडलवर सिसरीड वापरणे तर २०१९ च्या ५.३० पासून प्रोग्राम थांबवणारी चूकच ठरवली आहे. ते बरेच झाले. निदान आवाज तरी होतो.

मग शोध घ्यायचा कसा? या पुस्तकाची सगळी प्रकरणे एकाच क्रमाने जातात. आधी डिस्कवरची लांबी आणि हातातली लांबी ताडून बघा. पहिली ‘उणे एस’ देते, दुसरी ‘लेंग्थ’. दोन्ही जुळत नसतील तर मध्ये दुभाषा आहेच. मग ‘पर्लआयओ’च्या ‘गेट-लेयर्स’ला हँडल दाखवा. लिनक्सवर साधारणपणे युनिक्स आणि पर्लआयओ ही दोन नावे येतात, विंडोजवर युनिक्स आणि सीआरएलएफ, म्हणजे १३-१० च्या जोडीचा दुभाषा. बायनरी फाइलच्या हँडलवर सीआरएलएफ किंवा यूटीएफ-८ ही नावे दिसली की चोर सापडला. मग ‘स्प्रिंटएफ’ला टक्के-व्हीडी हा साचा देऊन पहिले वीस-तीस बाइट आकड्यांत छापा आणि शेलमधल्या ‘ओडी’ कमांडने तीच फाइल छापून शेजारी ठेवा. पहिला फरक जिथे पडतो तिथेच कारण असते. पर्लची ‘उणे मोठे बी’ ही चाचणी फाइल बायनरी आहे का हे सांगते, पण तो अंदाज आहे : सुरुवातीच्या भागात शून्य बाइट सापडला किंवा विचित्र अक्षरे एक तृतीयांशाहून जास्त भरली तर बायनरी. निर्णय तिच्यावर सोपवू नये. आपली फाइल कोणती आहे हे आपल्यालाच ठाऊक असायला हवे.

याच्या जोडीला एक चाचणी-फाइल जवळ बाळगावी. ० ते २५५ हे सर्व बाइट क्रमाने एका फाइलीत लिहा आणि तिची लांबी बघा. २५६ भरली तर लिहिण्याची वाट स्वच्छ. २५७ भरली तर १० ची जोडी झाली, म्हणजे सीआरएलएफ. ३८४ भरली तर वरचे १२८ बाइट दुप्पट झाले, म्हणजे यूटीएफ-८. ३८५ भरली तर दोन्ही. वाचण्याची वाट तपासायला मात्र ही फाइल अपुरी आहे, कारण क्रमाने लिहिताना १३ च्या पुढे १४ येतो, १० येत नाही. गिळण्यासारखी जोडीच तिच्यात नसते. म्हणून शेवटी १३ आणि १० मुद्दाम जोडून, कच्च्या मोडमध्ये, २५८ बाइटांची फाइल बनवा आणि ती आपल्या प्रोग्रामच्या पद्धतीने वाचा. २५७ आले तर सीआरएलएफ. २६ वरच थांबले तर कंट्रोल-झेड. ही फाइल प्रोग्रामबरोबर ठेवून द्यावी आणि नव्या मशिनवर गेल्यावर सर्वांत आधी चालवावी.

कधीकधी पर्लच्या हाती येण्याआधीच फाइल बिघडलेली असते. एफटीपीत मजकुरासाठी वेगळा आस्की मोड आहे. त्यातून पाठवलेले चित्र वाटेतच बदलते. गिटच्या ओळींचे शेवट बदलण्याच्या सेटिंगनेही हे होऊ शकते. तिथे कोणत्या फाइली बायनरी आहेत हे गिट-अॅट्रिब्यूट्समध्ये स्पष्ट लिहून ठेवावे. मूळ जागी आणि आपल्या जागी शा-२५६ बेरीज काढून जुळवली की हा संशय दोन मिनिटांत मिटतो. बेरीज जुळत नसेल तर पर्लच्या प्रोग्रामला हात लावू नये.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडेसे. पहिल्या भागात फाइल हँडल आणि लेयर, दुसऱ्यात पॅक-अनपॅक आणि बाइटांचा क्रम, तिसऱ्यात प्रत्यक्ष फाइली : पीएनजी, वेव्ह ध्वनी, झिप आणि जुना मराठी मजकूर. पर्लची तोंडओळख इथे नाही. स्ट्रिंग, अॅरे, लूप वाचकाला येतात असे धरले आहे. बाइटांच्या किमती दशमान अंकांत दिल्या आहेत, कारण नवख्या वाचकाला त्या थेट तपासता येतात. सोळामानाची सवय असलेल्यांनी त्या मनात बदलून घ्याव्यात. तयार मॉड्यूल असताना हाताने बाइट का वाचावेत, असा प्रश्न कुणी विचारील. रोजच्या कामाला मॉड्यूलच वापरावे. पण मॉड्यूललाही हँडल आपणच देतो, आणि ते बिघडलेले असेल तर मॉड्यूलही बिघडलेलेच उत्तर देते.

वाचकांना विनंती एवढीच की, बायनरी फाइल उघडताना तीन आर्ग्युमेंटांचे ओपन आणि ‘रॉ’ लेयर, किंवा ओपननंतर लगेच बिनमोड, हे लिनक्सवरही न चुकता लिहावे. आज त्याने तिथे फरक पडत नसेल. पण प्रोग्राम ज्याच्या हाती जाईल त्याला फाइलीत बाइट आहेत, मजकूर नाही, हे त्या एका ओळीवरून कळते. आणि काही बिघडलेच तर इलाज शोधण्याआधी बाइट मोजावेत.